कापूस आपला, टी-शर्ट बांगलादेशचा: शेजाऱ्यांचं गणित मांडायचं कसं?

एम्प्रेसचा_नातू
राम राम मंडळी. रविवारी पोराला घेऊन नागपुरातल्या गांधीसागरजवळच्या मॉलमध्ये गेलो होतो. दोन साधे टी-शर्ट घेतले. घरी आल्यावर पोरगं मान खाजवायला लागलं. "बाबा, मागे काहीतरी टोचतंय." कॉलर उलटी केली, तर पांढरी चिठ्ठी: शंभर टक्के सुती, मेड इन बांगलादेश.

बाहेरच्यांसाठी सांगतो. हा मॉल उभा आहे ती जागा एम्प्रेस मिल या कापड गिरणीची. जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला ती सुरू केली. व्हिक्टोरिया त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून नाव एम्प्रेस. माझे आजोबा तिथे साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आणि आता त्याच जागेवर त्यांचा पणतू ढाक्याकडचा कपडा विकत घेतो.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. 1947 पर्यंत आपण, पाकिस्तान, बांगलादेश एकाच घरात होतो. श्रीलंका, नेपाळ वेगळे, पण सणवार, भात-डाळ, सासू-सुनांची भांडणं सगळी ओळखीची. 1971 मध्ये बांगलादेशकडे पूर, दुष्काळ आणि युद्धाच्या जखमांशिवाय फार काही नव्हतं. आणि ऑक्टोबर 2020 मध्ये आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) अंदाजात त्यांचं दरडोई उत्पन्न 1,888 डॉलर, आपलं 1,877. मुळं एकच, मग फळं मागेपुढे का? कोणी नीट समजावून सांगेल का?

खर्रा_बंद_केला
पयले हे सांगा, टी-शर्ट कितीले पडला? मंग ठरवू कोण पुढं गेलं ते.

एम्प्रेसचा_नातू
399 चे दोन.

खर्रा_बंद_केला
मंग बांगलादेशच पुढं गेला भाऊ. बर्डीच्या बाजारात एवढ्यात एकच येते, अन् तोही दोन धुण्यात पोट्ट्याच्या लहान भावाले होते.

धंतोलीकर
बँकेत 34 वर्षं काढली, म्हणून आकड्यांचा भाग मी घेतो.

ते 1,888 आणि 1,877 खरे आहेत, पण ते करोनाच्या वर्षाचे अंदाज. त्या अंदाजात भारताची अर्थव्यवस्था 10.3 टक्के आक्रसेल असं धरलं होतं. प्रत्यक्षात घसरण तेवढी झाली नाही. शिवाय हे बाजारभावाच्या डॉलरमधले आकडे. खरेदीशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे 'टाका' या तिथल्या चलनात तिथे किती तांदूळ येतो आणि इथल्या रुपयात इथे किती, असं पाहिलं तर त्या वर्षीही भारत पुढेच होता. तेव्हा 11 डॉलरवरून छाती बडवायचीही गरज नाही आणि फुगवायचीही.

मात्र मूळ प्रश्न रास्त आहे. एका वर्षाचा फरक बाजूला ठेवा आणि पन्नास वर्षांचा रस्ता पाहा. एवढ्या मागून निघालेला माणूस आपल्या बरोबरीने चालतो आहे, हेच नवल.

पुणे_मुक्कामी
जन्म नागपुरातल्या महाल भागातला, पोट पुण्यात. मला हा 'समान सांस्कृतिक मुळं' प्रकारच पटत नाही. उत्तर आणि दक्षिण कोरियाचं काय? तीच भाषा, तेच किमची, त्याच आडनावांचे लोक. 1945 ला फाळणी झाली तेव्हा कारखाने आणि जलविद्युत केंद्रं जास्त करून उत्तरेत होती. आज? संस्कृतीवर बोलायला मजा येते, पण ती दोघांकडे सारखी असेल तर फरकाचं कारण ती कशी असेल? फरक नियमांचा असतो. कोणाला धंदा करू देता, कोणाला अडवता.

जिनिंगवाला_हिंगणघाट
पुणेकर बरोबर बोलले, त्यात आमच्या धंद्यातली गोष्ट जोडतो.

बांगलादेशात कापूस जवळपास पिकतच नाही. गाठी बाहेरून आणतात, आपल्याकडूनही. मग शिलाई तिथे कशी गेली? सत्तरच्या दशकात श्रीमंत देशांनी कोटा लावला, कोणत्या देशातून किती कपडे घ्यायचे त्याचा. कोरियाचा कोटा भरला. मग कोरियाच्या देवू कंपनीने कोटा शिल्लक असलेला देश शोधला आणि चितगावच्या देश गारमेंट्सशी करार केला. 1979 मध्ये 130 जण शिकायला बुसानला गेले. सहा महिन्यांनी परतले, आणि पुढे त्यातल्या बहुतेकांनी नोकरी सोडून आपापले कारखाने टाकले. एका कारखान्यातून अख्खा धंदा पसरला.

त्यांच्या सरकारने दोनच गोष्टी केल्या. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर जकात नाही, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवरच बँकेने कापड आणायची हमी द्यायची. म्हणजे खिशात पैसा नसला तरी शिवणयंत्रं चालू. पुढे 2001 पासून युरोपने गरीब देश म्हणून त्यांचा माल बिनजकातीचा घेतला.

त्याच काळात आपण काय करत होतो? तयार कपडे शिवणं लघुउद्योगासाठी राखीव! मोठा कारखाना काढायचाच नाही. मागावर विणलेल्या कापडाच्या कपड्यांवरचं हे बंधन साधारण 2000 च्या सुमारास उठलं, होजियरीचं, म्हणजे टी-शर्टसारख्या कपड्यांचं, तर त्याच्याही नंतर. वीस वर्षं गेली की हो. लहान माणसाला वाचवायला गेलो आणि त्याला लहानच ठेवलं.

मुलचेरा_बोलतोय
नमस्कार. बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो.

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेरा तालुका. आजोबा पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या खुलन्याकडचे. साठच्या दशकात निर्वासित म्हणून आले, आधी रायपूरजवळच्या माना कॅम्पात, मग इथे जंगलात जमीन मिळाली. आमच्या आणि चामोर्शीच्या पट्ट्यात अशी बरीच बंगाली गावं आहेत. घरात बंगाली, शाळेत मराठी, आठवडी बाजारात जे चालेल ते. आजोबांनी आल्या आल्या काय केलं असेल? तळं खोदलं. मासे सोडले. आज आमच्याकडचे मासे आसपासच्या बाजारात जातात.

आजोबांचे चुलतभाऊ तिकडेच राहिले. म्हणजे तुम्ही ज्या तुलनेबद्दल बोलताय ती आमच्या एकाच घराण्यात चालू आहे. लहानपणी आम्ही त्यांची कीव करायचो. पत्रं यायची, त्यात पूर नाहीतर वादळ. आता व्हिडिओ कॉल येतो. चुलत्यांच्या दोन्ही मुली ढाक्याजवळच्या गाझीपूरला शिलाई कारखान्यात लागल्या, त्यांच्या पैशावर गावात पक्कं घर झालं. माझ्या सख्ख्या बहिणी दोघी पदवीधर, दोघी घरी. घर आमचंही पक्कं आहे, पण ते घरकुलाचं.

श्रीमंत कोण ते मला ठरवता येत नाही. आमच्याकडे जमीन, रेशन. त्यांच्याकडे पगार.

विशाखा_इंदोरा
मुलचेरा, खूप आवडलं. लिहीत राहा.

मी परिचारिका आहे, म्हणून एक भर. बांगलादेशात 1980 च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बाया दारोदार जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवायच्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. शिकवणारीचा पगारही ठरलेला नसायचा, आईला किती लक्षात राहिलं ते नंतर दुसरं कोणी येऊन तपासायचं आणि त्यावर पैसे. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगितलं होतं तेव्हा मी म्हटलं, आपल्याकडे असं तपासलं तर किती जणांचा पगार निघेल!

आज त्यांचं सरासरी आयुर्मान आपल्यापेक्षा जास्त आहे. गुळाचं पाणी जीडीपीत किती धरतात, धंतोलीकर काका?

धंतोलीकर
गूळ विकत आणला असेल तर धरतात. वाचलेलं मूल धरत नाहीत.

संत्रा_राजा_काटोल
तुमचं सगळं बरोबर, पण माह्या दुखण्यावर कोणी बोलून नाही रायलं. नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं बाहेरचं गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये त्यायनं किलोमागं 20 रुपये आयात शुल्क घेतलं. मंग दरवर्षी वाढवत वाढवत 2023 मध्ये 88 रुपये केलं. एवढं शुल्क भरून तिकडं संत्रा कोण खाईन? आंबिया बहाराचा माल गाडीत भरून ठेवला अन् व्यापारी म्हणते, भाऊ, उतरवा. नागपूरच्या कळमना बाजारात जे मिळालं ते घेऊन आलो. ते पुढं जावो नाहीतर मागं, आमचा संत्रा मातर इथंच सडला.

खर्रा_बंद_केला
म्हंजे त्यायनं आपला कापूस घेतला, त्याचा टी-शर्ट करून आपल्यालेच विकला, अन् संत्रा म्हणे नको. हुशार आहेत राजेहो!

पुणे_मुक्कामी
राजासाहेब, वाईट वाटलं. पण तसं पाहिलं तर कांद्याच्या निर्यातीवर आपण बंदी घालतो तेव्हा ढाक्यातली गृहिणी हेच म्हणते. शेजारी शेजाऱ्याशी असाच वागतो.

संत्रा_राजा_काटोल
पुण्यात बसून बोलाले सोपं आहे.

पुणे_मुक्कामी
हे मात्र खरं.

विशाखा_इंदोरा
श्रीलंकेचं कोणी काढत नाही म्हणून मी काढते. 2023 मध्ये आमच्या विहारातल्या गटाबरोबर अनुराधापूर, कँडी केलं. बाबासाहेब 1950 मध्ये बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले होते, त्यामुळे आमच्या घरात त्या देशाचं नाव लहानपणापासून.

साक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर, सरकारी दवाखाने चांगले, दरडोई उत्पन्न एकेकाळी आपल्या जवळपास दुप्पट. आणि एप्रिल 2022 मध्ये हात वर केले, परदेशी कर्ज फेडता येत नाही म्हणून. कँडीला ज्यांच्याकडे उतरलो त्या बाईंनी मोबाईलमधला क्यूआर कोड दाखवला. पेट्रोल आठवड्याला ठरलेलंच, कोड दाखवल्याशिवाय नाही. त्या शिक्षिका. म्हणाल्या, कागद नव्हता म्हणून शाळेच्या परीक्षा पुढे ढकलल्या. आम्ही सगळ्या गप्प. चहाचा देश, आणि त्या चहात दूध पावडर मोजून घालत होत्या.

एवढे शिकलेले लोक, तरी असं कसं झालं?

धंतोलीकर
2019 च्या शेवटी कर कापले. व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणला, तिजोरी आटली. मग करोना, पर्यटन बंद. एप्रिल 2021 मध्ये एका रात्रीत रासायनिक खतांवर बंदी, भात पडला, चहा पडला. डॉलर आधीच कर्जाच्या हप्त्यात चालले होते. शिक्षण चांगलं असलं म्हणजे वरच्या माणसाचा हिशेब चुकत नाही असं नाही. बँकेत मी फार शिकलेल्या लोकांची बुडीत कर्जं पाहिली आहेत.

खर्रा_बंद_केला
काका आज फार्मात आहेत. ब्रह्मदेशाचं पण सांगा. एका साहेबानं 45 अन् 90 च्या नोटा काढल्या होत्या म्हणे, खरं का?

धंतोलीकर
खरं आहे. जनरल ने विन, 1987. आधी चालू असलेल्या नोटा रद्द केल्या, मग 45 आणि 90 क्याटच्या काढल्या, कारण त्यांना नवाने भाग जातो आणि नऊ हा त्यांचा शुभ आकडा. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्या देशाला अतिमागासांच्या यादीत टाकलं. एकेकाळी जगाला तांदूळ पुरवणारा देश! शेजारी थायलंड, तोही थेरवादी बौद्ध, तोही भातखाऊ, आज कुठे आहे बघा. पुणे_मुक्कामींचा मुद्दा यात बसतो.

खर्रा_बंद_केला
रात्रीतून नोटा रद्द? बाप्पा! असं कुठं होते का कधी.

नियंत्रक
खर्रा_बंद_केला, धागा तिकडे नेऊ नका.

वैदर्भीय_72
शेजाऱ्यांची तुलना करायला ढाका, कोलंबो कशाला? विदर्भाला महाराष्ट्रात घेण्यासाठी झालेला 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार काढा. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या, सगळं लिहून दिलेलं. 1984 मध्ये दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजून दाखवला. एक राज्य, एक भाषा, एक मंत्रालय, तेच कायदे. तरी पुणे आणि गडचिरोली पाहा. पुणे_मुक्कामी म्हणतात फरक नियमांचा. नियम तर एकच आहेत ना? मग?

पुणे_मुक्कामी
...हा प्रश्न चांगला आहे. लगेच उत्तर नाही. कागदावरचा नियम एक आणि दारापर्यंत पोचलेला वेगळा, एवढंच सुचतंय. पण ही पळवाट वाटते, मान्य.

वैदर्भीय_72
पुण्याने एवढं मान्य केलं, करार निम्मा पाळला समजतो.

जिनिंगवाला_हिंगणघाट
वैदर्भीय, फाळणीत तागाचं काय झालं ते पाहा. ताग पिकायचा पूर्व बंगालात, गिरण्या सगळ्या हुगळीच्या काठी. रेघ मारली तेव्हा पाकिस्तानकडे शेत राहिलं, आपल्याकडे गिरण्या. आपल्याला वाटलं जिंकलो. आता कापसाचं उलटं: शेत आपल्याकडे, शिलाई त्यांच्याकडे.

हिशेब सांगतो. एक क्विंटल कापसातून रुई निघते 34 किलोच्या आसपास, बाकी सरकी. सूतगिरणीत, मग कापताना घट धरली तरी त्यातून दीडशेच्या आसपास टी-शर्ट होतात. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये. म्हणजे एका शर्टात शेतकऱ्याचे पन्नासेक रुपये, तेही हमीभाव मिळाला तर, आणि सरकीची किंमत वजा केली तर आणखी कमी. नातूसाहेबांच्या 200 रुपयांतले बाकीचे बघा कुठे कुठे उतरले. सगळे ढाक्याला उतरले असंही नाही, मोठा वाटा तर दुकानापाशीच थांबतो. पण सूत, विणाई, रंगाई, शिलाई यातलं जे जिथे होतं तिथे पगार होतो. आमच्याकडे फक्त गाठ बांधतात आणि गाडीत टाकतात. पूर्वी मँचेस्टरला जायची, आता दुसरीकडे.

वैदर्भीय_72
अमरावतीला नांदगाव पेठेत पीएम मित्र या कापडउद्योगाच्या पार्कचं भूमिपूजन झालं ना 2024 मध्ये.

खर्रा_बंद_केला
भूमिपूजनात आपण कोणाले हारत नाई.

शिलाई_ताई
मी वाठोड्याला बचत गटात शिवणकाम करते. आधी दीड वर्षं एका रेडिमेड कारखान्यात होते. नाव नाही घेत. तुम्ही सगळे कोटा-जकात बोलताय, मी आतलं सांगते.

लाईन असते. एकीने कॉलर, दुसरीने बाही, तिसरीने तळ. मी कॉलरवर. म्हणजे नातूदादा, तुमच्या पोराला टोचली ना, तशी चिठ्ठी मीही लावलेली आहे हजारो वेळा. टोक आत दुमडलं नाही की टोचते. तासाचं टारगेट पूर्ण करायचं असतं, कोण दुमडत बसणार.

काम जमत होतं. सोडलं ते घरामुळे. गाडी सकाळी साडेसहाला नाक्यावर यायची, परतायला कधी साडेसात तर कधी आठ. सासूबाई एक महिना काही बोलल्या नाहीत, मग शेजारचे बोलायला लागले. नवऱ्याने पण "जाऊ दे" म्हटलं. लाईनीत आम्ही बत्तीस होतो, वर्षात अकरा उरलो. मालक म्हणायचा, बाया टिकत नाहीत. टिकणार कशा?

बांगलादेशात सासवा नसतात का?

मुलचेरा_बोलतोय
असतात हो ताई, आणि कडक असतात! मी चुलतबहिणीला विचारलं. ती म्हणाली, सुरुवातीला तिच्याही आईला गावात ऐकावं लागलं. पण मुली एकेकट्या जात नाहीत, गावातून आठ-दहा जणी मिळून जातात आणि कारखान्याजवळ खोली करून राहतात. रोज परत यायचं नसतं, म्हणून रोजची कटकट नाही. तिकडे या धंद्यात 40 लाखांच्या आसपास लोक आहेत आणि निम्म्याहून जास्त बाया. एवढ्या जणी जायला लागल्या की बोलणारे थकतात, असं ती म्हणते.

पण तिने दुसरंही सांगितलं. शिलाई कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत पडली, 24 एप्रिल 2013, तेव्हा तिच्या ओळखीची मुलगी त्यात होती. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली, वरच्या शिलाईवाल्यांना मात्र कामावर बोलावलं. 1,100 हून जास्त माणसं गेली. त्यानंतर बाहेरच्या कंपन्यांनी इमारती तपासल्या, आता जिने रुंद आहेत. ती म्हणाली, आमची वाढ वाढ म्हणतात, त्यात हे पण लिहा.

धंतोलीकर
लिहिलंत ते बरं केलंत. मीही माझ्या आधीच्या आकड्यांना एक पुरवणी जोडतो. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान शेख हसीना सत्तेवरून गेल्यावर अंतरिम सरकारने समिती नेमली. तिच्या श्वेतपत्रिकेत 2009 ते 2023 दरम्यान दरवर्षी सरासरी 16 अब्ज डॉलर देशाबाहेर नेले गेले असा अंदाज आहे, आणि वाढीचे आकडे फुगवल्याचंही म्हटलं आहे. तेव्हा बांगलादेश म्हणजे आदर्श, असं माझं म्हणणं नाही.

नेपाळ_रिटर्न
नेपाळ राहिलं. तिथे जीडीपीच्या पावभर पैसा बाहेर गेलेल्या पोरांनी पाठवलेला. गावात घरं नवी, माणसं जुनी. आमचे वर्धा-यवतमाळचे पोट्टे पुण्याला जातात तसंच. बस एवढंच.

पुणे_मुक्कामी
हे मला लागलं. आईला महिन्याला पैसे पाठवतो, भेटायला वर्षातून दोनदा.

एम्प्रेसचा_नातू
एवढं सगळं वाचून काल आईला विचारलं, आजोबांच्या पगारात घर कसं चालायचं गं? ती म्हणाली, "आजोबांच्या एकट्याच्या कुठे? आजी पण मिलमध्येच होती, रीळ खात्यात."

मी 46 वर्षांचा आहे आणि हे मला काल कळलं. आमच्या घरात 'आजोबा मिलमध्ये होते' एवढंच सांगितलं जातं. आजीने लग्नानंतर आठ-नऊ वर्षं काम केलं, नऊवारी खोचून पहाटेच्या भोंग्याला जायची. मग आजोबांचा पगार वाढला आणि तिला घरी बसवली. वर आल्याची खूण ती! आईने कधी बाहेर काम केलं नाही, दोन्ही आत्यांनी नाही. म्हणजे गाझीपूरला आता चाललंय ते आमच्या घरात आधीच होऊन गेलं होतं, आणि आम्हीच ते बंद केलं. मी मात्र इकडे विचारत बसलो की ते पुढे कसे गेले.

खर्रा_बंद_केला
अन् वहिनी? त्या घरीच का?

एम्प्रेसचा_नातू
बँकेत आहे. माझ्यापेक्षा जास्त कमावते. टी-शर्टचे पैसेही तिनेच दिले.

खर्रा_बंद_केला
मंग तुमचा प्रश्न त्यायलेच विचाराले पाह्यजे होता, आमाले काहून?

शिलाई_ताई
नातूदादा, आजी कामावर जायची तेव्हा लेकरं कुठे असायची?

एम्प्रेसचा_नातू
तेही विचारलं. मिलमध्येच पाळणाघर होतं. मोठ्या आत्याला अजून आठवतं, दुपारी दूध मिळायचं आणि आजी मधल्या सुट्टीत येऊन जायची.

शिलाई_ताई
नागपूरजवळ बुटीबोरीत किंवा मिहानकडे कोणत्या कारखान्यात आज चालू पाळणाघर आहे का? कोणाला पक्कं माहीत असेल तर इथे टाका. माझ्या गटातल्या दोघी विचारतायत, एकीचं पोर दीड वर्षाचं आहे. कागदावरचं नको, चालू असलेलं सांगा.